रेझिन ओतलं आणि वास गेला: शिल्प आणि इन्स्टॉलेशनच्या प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

मार्च उजाडला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेल्या माझ्या शेडसमोर स्कूटरी थांबायला लागतात. मागच्या सीटवर पोतं, पोत्यात तडकलेलं काहीतरी, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, परवा सबमिशन आहे." मी सर नाही, कुठं शिकवतही नाही. मोल्ड, कास्टिंग, वेल्डिंगची कामं घेतो. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचीही कला शिकणारी मुलं येतात. कुणाचं शिल्प असतं, कुणाचं इन्स्टॉलेशन, म्हणजे खोलीत वस्तू मांडून उभं केलेलं काम. उभ्या शिल्पांपेक्षा मोडलेली शिल्पंच मी जास्त बघितली आहेत. ती बघून जे कळलं ते इथे लिहितोय, आठवेल त्या क्रमानं.

कन्सेप्ट आधी लिहून मग वस्तू शोधायला निघणं

निपाणीची एक विद्यार्थिनी आली होती. आई घरी विड्या वळते. प्रोजेक्टचा विषय 'आईचे श्रम'. सुरुवातीला तिला फायबरचे दोन मोठे हात करायचे होते, हातात विडी. ते बजेटमध्ये बसेना. मग तिनं प्लायच्या बोर्डावर तेंदूची पानं चिकटवली आणि वरून पारदर्शक रेझिन ओतलं. माझ्याकडे आली तेव्हा तक्रार एवढीच होती की रेझिन दुधाळ झालंय, बुडबुडे आलेत, पानं काळी पडलीत.

याचं कारण सोपं आहे. विडीची पानं कापण्याआधी भिजवतात, म्हणजे तिची पानं ओलसर होती. ओल्या वस्तूवर रेझिन धड बसत नाही. पानं पूर्ण वाळवून घ्यायची, त्यावर रेझिनचा एक पातळ हात ब्रशनं मारून तो सुकू द्यायचा, आणि मग दोन-तीन पातळ थर वेगवेगळे ओतायचे. एकदम जाड थर ओतला तर तो तापतो, पिवळा पडतो आणि तडकतोही. दुरुस्ती इथं संपली असती.

पण मी तिला म्हटलं, नाक लाव बघू. तिनं लावलं. काहीच वास नाही. "तुमच्या घरात शिरल्यावर आधी काय जाणवतं?" ती हसली. निपाणीच्या त्या गल्लीत शिरलेल्या कुणालाही विचारा. घरापर्यंत जायचीही गरज नाही, कोपऱ्यावरच तंबाखू घशात उतरतो.

नंतर ती आठ दिवस काही न करता आईशेजारी बसून राहिली. आई पत्र्याचा साचा पानावर ठेवते, कात्रीनं चौकोन कापून घेते, तंबाखू भरून वळते, तोंड दुमडते, दोरा बांधते. चौकोन निघून गेल्यावर पानाची कडा तेवढी उरते. देठ, शिरा आणि मधे एक रिकामी खिडकी. या पोरीनं त्या कडा गोळा केल्या. किती, ते तिलाही सांगता आलं नसतं, पण दोन पोती भरली. विडीला बांधतात त्याच दोऱ्यात त्या ओवल्या आणि जमिनीपासून अडीच फुटांवर आडव्या माळा ताणल्या. मांडी घालून बसलेल्या बाईच्या डोळ्यांची ती उंची. उभं राहून बघितलं तर वरून नुसता पालापाचोळा दिसतो. खाली बसलं की शेकडो खिडक्या एकामागे एक.

आई बघायला आली आणि म्हणाली, "हे तर आपण चुलीत घालतो की गं." माझ्या मते त्या प्रदर्शनातलं सगळ्यात चांगलं परीक्षण ते होतं.

एक धोका वेळेवर टळला. तिला खोलीभर तंबाखूचा भुगा अंथरायचा होता. बंद खोलीत तो भुगा उडतो, डोळे झोंबतात, दम्याचा माणूस आत आला तर पंचाईत. शेवटी दाराजवळ एका मडक्यात तंबाखू ठेवला आणि तोंडाला मलमल बांधली. वास पुरेसा आला.

यातली चूक नेहमीची आहे. आधी नोटमध्ये 'श्रम', 'स्त्री', 'अस्तित्व' असे शब्द लिहायचे आणि मग त्यांना कपडे घालावेत तशी वस्तू चढवायची. वस्तू मात्र आपला अर्थ घेऊनच आलेली असते. ती कुठून आली, कुणाच्या हातातून गेली, किलोला काय भाव, भिजल्यावर काय होतं, वास कसला, काम संपल्यावर लोक तिचं काय करतात, हे एका कागदावर लिहून काढा. पान भरलं नाही तर ती वस्तू तुम्हाला अजून माहीत नाही, दुसरी घ्या.

कलाकार शीला गौडा आपल्याच कर्नाटकातल्या, भद्रावतीच्या. शिक्षण चित्रकलेचं, पण १९९०च्या दशकात त्या शेणाकडे वळल्या. त्यांच्या एका कामात शेकडो फूट दोरा सुयांच्या नेढ्यांतून ओवलेला आहे आणि कुंकू व डिंकात माखून त्याचा जाड लाल दोर केला आहे. दोराच्या टोकाला सुयांचा झुबका लोंबतो. त्यात वेगळं 'प्रतीक' काही लावलेलं नाही. सुई, दोरा, कुंकू घराघरात असतात आणि कुणाच्या हातात असतात हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. शिल्पकार सुबोध गुप्तांची स्टीलची भांडी सगळ्यांना माहीत, त्यामुळे दरवर्षी एक तरी मुलगा भांडी घेऊन येतो. त्याच गुप्तांनी १९९७ साली शेणाच्या गोवऱ्या रचून आत जाता येईल अशी गोल वास्तू केली होती, ती मात्र कुणी बघितलेली नसते. भांडी उचलण्याआधी ती बघा, मग आपल्या परसात काय आहे ते बघा.

सीमा म्हटलं की काटेरी तार

इथल्या मुलांना महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा विषय घ्यावासा वाटणं साहजिक आहे. १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस, घराघरात ऐकून ती मोठी झालेली असतात. पण प्रोजेक्ट येतो तेव्हा त्यात काटेरी तार, फाटलेला नकाशा आणि लाल रंग. अरे, शिनोळीच्या रस्त्यावर कुठं तार बघितलीस? कोगनोळीच्या नाक्यावर? आपली सीमा तारेची नाही. बसचा रंग बदलतो, पाट्यांची लिपी बदलते, पंपावरचा पेट्रोलचा भाव बदलतो, आणि काही शेतांत तर बांधाशिवाय काहीच बदलत नाही. काटेरी तार टीव्हीवरच्या सीमेची. ती लावलीत की बघणारा वाघा-अटारीला पोचतो, तुमच्या गावात येतच नाही.

एका मुलानं बरं केलं. दोन्ही राज्यांच्या बसची तिकिटं वर्षभर साठवली. चंदगडहून बेळगावला शिकायला येणारा होता, त्यामुळे तिकिटांना तोटा नव्हता. मग चूक केली: टिकावीत म्हणून लॅमिनेशनला दिली. मशीनमधून बाहेर आली ती काळी ठिक्कर. बसची हल्लीची तिकिटं थर्मल कागदाची असतात, उष्णतेनं काळी पडणं हाच त्या कागदाचा धर्म, छपाईही तशीच होते. पोरगा रडकुंडीला आला. उरलेली तिकिटं मी त्याला काचेखाली, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावायला सांगितलं. थर्मल छपाई उजेडानं फिकी पडत जाते. काही आठवड्यांत कुठलं तिकीट कुठल्या राज्याचं हे वाचायला कठीण झालं. काळी पडलेलीही त्यानं फेकली नाहीत, शेजारच्या भिंतीवर लावली. ज्युरीसमोर त्याला फारसं बोलावं लागलं नाही.

याच विषयावर कलाकार शिल्पा गुप्तांचं काम बघण्यासारखं आहे. भारत-पाक कुंपणाची लांबी ठराविक प्रमाणात कमी करून तेवढा दोरा हातानं गुंडाळला आणि त्याचा गुंडा काचेच्या पेटीत ठेवला. तार कुठंच नाही.

माती: जी मिळाली ती

इथं थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पोती मातीचीच येतात आणि माझं पहिलं मोठं काम मातीतच गेलं होतं.

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे लाल जांभ्याची माती आणि पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडे काळी. खानापूरची माती भांड्यांची आणि कौलांची, तिथं खादी ग्रामोद्योगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आवळते, उन्हाळ्यात शेताला हात घालता येईल अशा भेगा पडतात त्या त्यामुळेच. त्या मातीत मूर्ती केलीत तर मूर्तीलाही तशाच भेगा पडणार. पूर्वेकडचं गाव आहे आणि गावचीच माती वापरायची असा आग्रह असेल तर वापरा, आग्रह चांगला आहे. पण तीत बारीक वाळू आणि भाजलेल्या विटेचा चाळलेला चुरा मिसळा, एकतृतीयांशापर्यंत. कुंभार राख आणि घोड्याची लीद घालतात तेही याचसाठी.

काळ्या मातीची दुसरी खोड उशिरा कळते. भाजून झालं, शिल्प छान निघालं, तुम्ही फोटो टाकले, आणि आठ दिवसांनी टवके उडायला लागले. प्रत्येक टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका. ही चुनखडी. मातीतले चुन्याचे खडे भट्टीत भाजून कळीचा चुना होतात, मग हवेतली ओल पिऊन फुगतात आणि वरची माती उडवतात. यावर नंतर इलाज नाही. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून किंवा धोतराच्या कापडातून आधीच गाळून घ्यायची.

आता माझी गोष्ट. विद्यार्थी असताना मी एक बसलेला म्हातारा केला होता. दीड फूट उंच, भरीव. पोकळ करायचा कंटाळा. वर जून लागलेला, खानापूरच्या बाजूचा पाऊस, हवेत एवढी ओल की कपडे वाळत नाहीत. बाहेरून म्हातारा पांढरा पडला म्हणजे वाळला असं मी ठरवलं. एका कुंभारमामांच्या आव्यात जागा मागितली. त्यांनी म्हाताऱ्याच्या बुडाला हात लावला, मग गालाला लावला. म्हणाले, "गार लागूलंय बाळ. घाई करूलास." मी ऐकलं नाही, तारीख होती ना. रात्री आव्यातून 'ठप्प' असा आवाज आला, मग अजून दोनदा. सकाळी म्हाताऱ्याच्या पाठीची ठिकरी त्यांच्या सहा माठांतून आरपार गेली होती. मला ते काही बोलले नाहीत. माठांचे पैसेही घेतले नाहीत. त्याची लाज अजून वाटते.

झालं काय, तर आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. लोक म्हणतात हवेचा बुडबुडा फुटतो. बुडबुड्यापेक्षा पाण्याचा दोष जास्त. मळताना हवा काढाच, पण शिल्प आतून पोकळ करून भिंत अंगठ्याच्या जाडीची ठेवा आणि बुडाला भोक ठेवा. मातीचं शिल्प गालाला लावून बघायचं, गार लागलं तर अजून आत पाणी आहे. पावसाळ्यात पंधरा दिवससुद्धा कमी पडतात. प्लास्टिकखाली सावकाश वाळवा, कान, बोटं असले बारीक भाग ओल्या फडक्यात ठेवा म्हणजे ते आधी वाळून तडकणार नाहीत. भट्टीत सुरुवातीचे काही तास नुसता धूर हवा, जाळ नको. आणि माप धरताना लक्षात ठेवा, वाळून-भाजून माती साधारण दहा टक्के आवळते. दहा इंचाचं डोकं नऊ इंचाचं होणार. पाटाच्या मापाचं शिल्प करून ते पाटावर ढिलं बसलं म्हणून भांडायला येणारे मी बघितलेत.

प्लास्टर, सिमेंट, फायबर

प्लास्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरात नाही. पाण्यावर भुरभुरवत जा, वर बेटं दिसायला लागली की थांबा, मिनिटभर भिजू द्या, मग ढवळा. जास्त ढवळलंत तर हातातच घट्ट होईल. घट्टच होत नसेल तर गोणी जुनी आहे, पावसाळ्यात तिनं ओल पिली आहे, टाकून द्या. उरलेलं नळाखाली धुवायचं नाही, मोरी तुंबेल. आणि स्वतःचा हात बादलीभर प्लास्टरमध्ये घालून साचा काढायचा हट्ट कुणी करू नये. जाड थर घट्ट होताना साठ अंशांपर्यंत तापतो आणि तोवर हात आत अडकलेला असतो. भाजून बोटं गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हातासाठी दंतवैद्य वापरतात ते अल्जिनेट आणा.

सिमेंटला मुलं कमी लेखतात. गवंड्याचं काम वाटतं. शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी सिमेंटमध्ये काय काय केलं ते एकदा अलिबागजवळ सासवण्याला जाऊन बघा. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९३८ साली संथाळ कुटुंब उभं केलं ते सिमेंट आणि जांभ्याच्या खड्यांत. ब्राँझला पैसे नव्हते आणि जांभा पायाखाली होता. तुमच्या खानापूर तालुक्यात जांभ्याला काय तोटा? चिऱ्याच्या खाणीवरचा चुरा तर कुणी विचारतही नाही. चूक होते ती पाणी मारण्यात. दुसऱ्या दिवशी शिल्प घट्ट झालं की मुलं घरी जातात. सात दिवस तरी ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा, नाहीतर वरचा थर पीठ होऊन झडतो. सांगाड्याच्या सळईवर किमान इंचभर सिमेंट पाहिजे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गंजाचे ओघळ दिसतील. ॲल्युमिनियमची तार सांगाड्याला नको, ओल्या सिमेंटशी तिचं पटत नाही. हातमोजे घाला, सिमेंट कातडी खातं.

फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन. त्याबद्दल एकच गोष्ट ओरडून सांगायची आहे. रेझिन घट्ट व्हायला त्यात घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचं, मगच हार्डनर, शेकडा एक ते दोन. दोघांचे चमचे वेगळे, झाकणं वेगळी, कपाटाचे खणही वेगळे. रेझिन चिकट राहिलं तर बहुतेक वेळा हार्डनर कमी पडलेला असतो किंवा हवेत ओल असते. उन्हात ठेवा, नाही सुटलं तर ॲसिटोननं पुसून वरून एक नवा हात द्या. मास्क म्हणजे रुमाल नव्हे.

गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्या मुलांना एक वेगळंच दुखणं असतं. बेळगावात असे बरेच आहेत, आणि त्यांचा हात इतका तयार असतो की मला हेवा वाटतो. पण त्यांना फिनिशिंग सोडवत नाही. काम जांभ्याचं असो, गोणपाटाचं असो, शेवटी पुट्टी, पॉलिश पेपर, स्प्रे. सगळं एकाच गुळगुळीत कातडीचं होतं. अशा एकाला मी पॉलिश पेपर शेडच्या बाहेर ठेवून यायला सांगितलं होतं, चपला काढाव्यात तसा.

गुळाची भिंत

चिकोडीच्या बाजूचा, उसाच्या पट्ट्यातला मुलगा. गुळाच्या ढेपांची चार फुटी भिंत. कल्पना चांगली, वास तर अप्रतिम. पण तारीख जूनअखेरची. गूळ हवेतली ओल ओढतो. तिसऱ्या दिवशी ढेपा घामेजल्या, पाचव्या दिवशी भिंत कलली, आणि मुंग्या तर पहिल्याच रात्री आल्या. त्यानं काय करावं? मुंग्यांची पावडर मारली. आता भिंत खाण्याजोगी राहिली नाही आणि खाण्याजोगी असणं हाच तर सगळा मुद्दा होता.

नाशवंत वस्तू घेताना ती कशी नासणार हे आधी महिनाभर घरी करून बघा. एक ढेप खिडकीत ठेवायची, रोज फोटो काढायचा. मग ठरवा: नासणं थांबवायचं की दाखवायचं? थांबवायचं असेल तर फेब्रुवारीत करा, भिंत आत लोखंडी सळईवर रचा, पायाभोवती पाण्याची पन्हळ ठेवा, दुधाच्या पातेल्याखाली परात ठेवतात तशी. दाखवायचं असेल तर मुंग्यांना निमंत्रण द्या, खाली पांढरी चादर अंथरा म्हणजे त्यांची रांग दिसेल. दोन्हीतलं काहीच न ठरवता सुरू केलं की पावडर हातात येते.

अथणी-निपाणीकडचं कोल्हापुरीचं चामडं वापरणाऱ्यांनाही हेच लागू. ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. पावसाळ्यात बुरशी धरतं, पाणी लागलं की डाग पडतात आणि ओल्या लोखंडाला टेकलं तर काळंनिळं होतं. तो काळा रंग हवा असेल तर फुकटची शाई समजा. नको असेल तर पितळी खिळे वापरा.

फाउंड्रीत जाताना

उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्या पंपाचे, व्हॉल्व्हचे भाग ओततात. तुमचं काम त्यांच्यासाठी वेळखाऊ असतं, तेव्हा सोमवारी सकाळी जाऊ नका. पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा काढतात त्या नमुन्याला, ड्राफ्ट म्हणजे निमुळता उतार हवा, नाहीतर वाळूतून काढताना साचा ढासळतो. नाकपुड्या, काखा, कानामागचे खोबण हे वाळूत अडकणारच, तिथं कोअर म्हणजे साच्यात बसवायचा वेगळा गाभा लागतो किंवा पॅटर्नचे तुकडे करावे लागतात. ओतीव लोखंड फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) आवळतं, ॲल्युमिनियम सव्वा सूत. पॅटर्न तेवढा मोठा करा. मिस्त्रीला 'फीलिंग' समजावत बसू नका, कागदावर काटछेद काढून न्या. तो पाच मिनिटांत सांगतो कुठं हवा अडकेल, आणि त्याचं बरोबर असतं.

घरी भंगार वितळवायचा प्रयत्न तर करूच नका. ओला डबा वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू छतापर्यंत उडतो. वेल्डिंगला भंगारातला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घेत असाल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मला दोनदा भरला आहे.

टांगणं, मांडणं, नेणं

खोलीत टांगलेली वस्तू डोक्यावर पडली तर तिच्या अर्थाविषयी कुणी विचारत नाही. फॉल्स सीलिंगला हुक लावायचा नाही. पंख्याचा हुक किंवा तुळई शोधा. जेवढं वजन असेल त्याच्या पाचपट वजन तार आणि हुक पेलतील असं बघा आणि एक जास्तीची तार ढिली सोडून ठेवा. नायलॉनची दोरी ताणत जाते: सोमवारी डोळ्यासमोर असलेलं गुरुवारी छातीवर येतं. एलईडी पट्टीचा ॲडॉप्टर कापडात गुंडाळून लपवू नका, तो तापतो.

दाराचं माप शिल्प सुरू करायच्या आधी घ्यायचं. हे वाचून सगळे हसतात आणि दरवर्षी एकाचं तरी शिल्प दारात कापावं लागतं. 'छोटा हत्ती' टेम्पोचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद असतो. त्यापेक्षा मोठं काम तुकड्यांत, नटबोल्टवर करा.

बघणारा कुठून आत येतो, आधी काय दिसतं, मागून जाता येतं का, हे जमिनीवर खडूनं आखून मित्राला चालायला लावा. निपाणीच्या मुलीच्या माळा अडीच फुटांवर होत्या, म्हणून आम्ही दोन पोती अंथरली आणि पहिल्या पोत्यावर तिची धाकटी बहीण बसवून ठेवली. लोक आपोआप बसू लागले.

अक्षरं

आपल्याकडे कामात दोन-तीन भाषा येतातच. मोबाइलवर भाषांतर करून ते थेट लेझर कटिंगला देऊ नका. एका मुलानं 'आठवण' या अर्थाचा कन्नड शब्द ॲक्रिलिकमध्ये तीन फूट कापून आणला. दारातल्या वॉचमननं वाचला आणि विचारलं, हा कसला शब्द? एक वेलांटी भलत्याच अक्षराला लागली होती. दुकानातल्या सॉफ्टवेअरमध्ये फाँट बदलला की कन्नडची जोडाक्षरं फुटतात, आणि मराठीचीही फुटतात, 'स्मृती'चं 'स् मृती' होतं. कापायच्या आधी कागदावर छापून ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. त्या वॉचमनलाच विचारलं असतं तरी चाललं असतं.

कन्सेप्ट नोट दहा ओळींच्या आत संपवा. 'मानवी जीवनाची गुंतागुंत' हे शब्द खोडा. वस्तूचं नाव, कुठून आणली, तिचं काय केलं, एवढं लिहिलं तरी ज्युरी पुढचं विचारते.

उतरवताना

याचा विचार कुणी करत नाही. प्रदर्शन संपतं, रिक्षा दारात उभी असते आणि दोनशे किलो सिमेंटचं काय करायचं कुणालाच माहीत नसतं. प्लास्टर मार्कंडेय नदीत सोडू नका, ते सहजी विरघळत नाही, तळाशी बसतं. रेझिन जाळू नका. उतरवण्याआधी फोटो काढा: एक पूर्ण, एक जवळून, एक माणूस शेजारी उभा असलेला, म्हणजे मापाचा अंदाज येतो. फ्लॅश बंद, उजेड एका बाजूनं.

गुळाच्या भिंतीवर पावडर मारलेली, त्यामुळे ती गुरांनाही घालता आली नाही, आम्ही खड्डा काढून पुरली. त्या जागेवर अजून मुंग्या येतात. निपाणीच्या माळा मात्र आईनं स्वतः येऊन सोडवल्या. दोरा रिळावर परत गुंडाळला, कडा पोत्यात भरल्या आणि घरी नेऊन चुलीत घातल्या. दोरा वाया घालवायचा नसतो म्हणाली.